फिकट जोड्यांतले नारिंगी तारे

उन्हाळ्याच्या रात्री डोक्यावर येणारी स्वाती नारिंगी दिसते, हे नुसत्या डोळ्यांनीही कळते. ती आपल्यापासून ३७ प्रकाशवर्षांवर आहे, तिची त्रिज्या सूर्याच्या सुमारे २५ पट आहे आणि तेज सुमारे १७० पट. हे तिन्ही आकडे चांगले पक्के आहेत. वस्तुमानाचे तसे नाही. ते सूर्याच्या १.१ पटीच्या आसपास धरतात, पण हा आकडा ताऱ्यांच्या अंतर्रचनेच्या गणितातून आलेला आहे. स्वातीला कुणी प्रत्यक्ष तोलून पाहिलेले नाही. आता याच्या शेजारी दुसरा एक तारा ठेवू. हंस आणि स्वरमंडल या तारकासमूहांच्या दिशेला केप्लर दुर्बिणीने चार वर्षे नजर रोखून धरली होती. त्या पट्ट्यात केआयसी ८४१०६३७ या क्रमांकाचा एक तारा आहे. तो अकराव्या प्रतीच्या आसपासचा, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्याच्याही शंभरपट फिकट. त्या नारिंगी ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या १.५६ पट आणि त्रिज्या १०.७ पट आहे, आणि या मोजणीतली चूक दोन टक्क्यांच्या आत आहे. घराजवळच्या स्वातीबद्दल जे सांगता येत नाही ते या फिकट ताऱ्याबद्दल सांगता येते, कारण तो एकटा नाही. त्याला जोडीदार आहे.

नारिंगी राक्षसी तारा असलेल्या अशा जोड्या फारशा कुणाच्या नजरेत भरत नाहीत. पण ताऱ्यांची वये, शेजारच्या आकाशगंगेचे अंतर, शांत बसलेल्या कृष्णविवरांचा शोध, इतकेच काय, विश्वाच्या प्रसरणाच्या वेगावरून आज चाललेला वाद, या सगळ्यांच्या मुळाशी गेले की कुठेतरी अशीच एखादी फिकट जोडी भेटते. तेजस्वी ताऱ्यांपेक्षा खगोलशास्त्र आज या जोड्यांचे जास्त ऋणी आहे असे माझे मत आहे, आणि ते का, हे सांगण्यासाठी हा आढावा.

अडचण कुठे आहे ते आधी पाहू. सूर्यासारख्या ताऱ्याच्या गाभ्यातला हायड्रोजन संपला की गाभा आकसू लागतो, त्याभोवतीच्या कवचात हायड्रोजन जळू लागतो आणि बाहेरचे थर फुगत जातात. फुगलेला पृष्ठभाग थंड होतो. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान ५,७७० केल्विनच्या आसपास आहे, तर या फुगलेल्या राक्षसी ताऱ्यांचे साधारण ४,००० ते ५,००० केल्विन. म्हणून ते नारिंगी दिसतात. सूर्याएवढ्या आणि सूर्याच्या दुप्पट वस्तुमानाच्या ताऱ्यांच्या तेजात तरुणपणी दहापटींहून अधिक फरक असतो, त्यामुळे ते सहज वेगळे ओळखू येतात. म्हातारपणी मात्र दोघेही त्याच रंगाच्या, जवळपास त्याच तेजाच्या पट्ट्यात येऊन थांबतात. सूर्याच्या पावणेदोन-दोन पटींपर्यंतच्या ताऱ्यांत गाभ्यातला हेलियम पेटतो तेव्हा गाभ्याचे वस्तुमान जवळपास सारखेच, सूर्याच्या अर्ध्याहून किंचित कमी असते. त्यामुळे पुढचे तेजही सारखेच राहते. वरून पाहणाऱ्याला आत किती माल आहे याचा पत्ता लागत नाही. आणि वस्तुमान कळले नाही तर वयही कळत नाही: सूर्याएवढा तारा या अवस्थेला यायला हजार कोटी वर्षे लागतात, दुप्पट वस्तुमानाचा तारा शंभर-सव्वाशे कोटी वर्षांतच तिथे पोचतो.

या कोंडीतून सुटायचा सरळ मार्ग एकच. दुसरे काहीतरी त्या ताऱ्याभोवती फिरत असले पाहिजे, म्हणजे गुरुत्वाकर्षण स्वतः तराजू होते.

तारे खरोखर जोडीने फिरतात हे पटायलाही वेळ लागला. जॉन मिशेल यांनी १७६७ मध्ये संभाव्यतेच्या हिशोबाने दाखवले, की आकाशात इतके तारे एकमेकांना चिकटून दिसतात ते सगळे योगायोगाने एका रेषेत आलेले असणे शक्य नाही. विल्यम हर्शेल यांनी अनेक वर्षांच्या निरीक्षणांनंतर १८०३ मध्ये प्रत्यक्ष फिरणाऱ्या जोड्या जाहीर केल्या. मिशेलचा हिशोब एकंदरीत खरा असला तरी प्रत्येक सुंदर जोडी खरी असतेच असे नाही. हंसाच्या चोचीशी असलेला अल्बिरिओ हा हौशी निरीक्षकांचा लाडका तारा. लहान दुर्बिणीतून एक नारिंगी आणि एक निळसर अशी जोडी दिसते, आणि कुठल्याही आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात तो दाखवल्याशिवाय राहत नाहीत. गाया उपग्रहाने दोघांच्या आकाशातल्या सरकण्याचा वेग मोजला, तेव्हा तो इतका वेगळा निघाला की हे दोघे एकमेकांना बांधलेले नसावेत असेच दिसते. खरी जोडी त्यातल्या नारिंगी ताऱ्यातच दडलेली आहे. त्याचा निळसर जोडीदार त्याला इतका चिकटून आहे की साध्या दुर्बिणीत वेगळा दिसत नाही, आणि त्यांची एक फेरी व्हायला सुमारे १२० वर्षे लागतात. जे दिसते ते जोडपे नाही आणि जे जोडपे आहे ते दिसत नाही, हा अनुभव या क्षेत्रात पुन्हा पुन्हा येतो.

जवळच्या जोड्या दुर्बिणीत वेगळ्या होत नाहीत तेव्हा वर्णपट कामी येतो. तारा आपल्याकडे येत असेल तर त्याच्या वर्णरेषा निळ्याकडे सरकतात, दूर जात असेल तर तांबड्याकडे. ब्रह्महृदय ही जोडी आहे हे १८९९ मध्ये असेच कळले. लिक वेधशाळेतले कॅम्पबेल आणि केंब्रिजमधले न्यूऑल यांना ते स्वतंत्रपणे सापडले. पुढे १९१९-२० मध्ये माउंट विल्सनवर जॉन अँडरसन यांनी १०० इंची दुर्बिणीला व्यतिकरणमापक लावून ते दोन तारे वेगळे मोजले. ब्रह्महृदय फिकट नाही, आकाशातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्यांत त्याची गणना होते. तरी त्याचा उल्लेख इथे टाळता येत नाही, कारण जोडी काय शिकवू शकते ते तिथे स्वच्छ दिसते. दोघांची वस्तुमाने सूर्याच्या सुमारे २.५७ आणि २.४८ पट. फरक तीन-चार टक्क्यांचा. पण मोठा तारा नारिंगीकडे झुकलेला, गाभ्यात हेलियम जाळत स्थिरावलेला, तर हलका तारा अजून फुगण्याच्या वाटेवर आहे. एकाच वेळी जन्मलेल्या दोन ताऱ्यांत वस्तुमानाच्या इतक्याशा फरकाने आयुष्याचा आख्खा टप्पा पुढेमागे होतो. वस्तुमान टक्क्याच्या हिशोबात का मोजायचे, या प्रश्नाला याहून चांगले उत्तर मला माहीत नाही.

आता केआयसी ८४१०६३७ कडे परत जाऊ, कारण त्याची मोजणी जवळून पाहण्यासारखी आहे. यात एक नारिंगी राक्षसी तारा आणि सूर्याच्या १.३२ पट वस्तुमानाचा, अजून साधाच असलेला पांढुरका तारा असे दोघे आहेत. केप्लर २००९ मध्ये सोडली गेली. सुरुवातीच्या नोंदींत या ताऱ्याच्या प्रकाशात एकदाच खाच पडलेली दिसली. जोडीदार मागे गेला होता हे उघड होते, पण पुन्हा कधी जाईल ते कळायला मार्ग नव्हता. २०१० मधल्या पहिल्या शोधनिबंधात आवर्तनकाळ ७५ दिवसांपेक्षा जास्त आहे, एवढेच म्हणता आले. वाट पाहिल्यावर तो ४०८ दिवसांचा निघाला. त्या काळात कॅनरी द्वीपसमूहातल्या ला पाल्मा बेटावरच्या आणि अन्य दुर्बिणींतून वर्णपट घेतले जात होते. त्या वर्णपटात राक्षसी ताऱ्याच्या रेषांची गर्दी असते, आणि त्या गर्दीत एकूण प्रकाशाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास वाटा असलेल्या जोडीदाराच्या रेषा शोधायच्या असतात. एकाच्या रेषा तांबड्याकडे सरकतात तेव्हा दुसऱ्याच्या निळ्याकडे. जो कमी सरकतो तो जड. या सरकण्याच्या गुणोत्तरातून वस्तुमानांचे गुणोत्तर मिळते. ग्रहणे होतात म्हणजे कक्षा आपल्याला जवळजवळ कडेने दिसते, त्यामुळे कक्षा किती कललेली आहे याची संदिग्धता उरत नाही आणि प्रत्यक्ष वस्तुमाने हाती येतात. ग्रहण किती वेळ चालले यावरून त्रिज्या मिळतात. पांढुरका तारा पूर्ण झाकला जातो तेव्हा एकट्या राक्षसी ताऱ्याचा निर्मळ वर्णपट मिळतो, तो बोनस. यात ताऱ्याच्या आतल्या भौतिकीबद्दल काहीही गृहीत धरावे लागत नाही. केप्लर आणि न्यूटन यांच्या नियमांवर काम भागते.

या एका जोडीवर एवढी मेहनत घेण्याचे कारण असे, की हाच नारिंगी तारा थरथरतोही. अशा ताऱ्यांच्या बाहेरच्या थरांत खळबळ चालू असते, त्यातून ध्वनितरंग उठतात आणि तारा काही तासांच्या आवर्तनाने अगदी किंचित उजळतो-मंदावतो. या कंपनांच्या वारंवारतेवरून वस्तुमान आणि त्रिज्या काढण्याची सूत्रे आहेत. सूर्याला प्रमाण मानून ती बसवलेली आहेत. कोरो आणि केप्लर या अवकाश दुर्बिणींनी हजारो नारिंगी-तांबड्या ताऱ्यांची कंपने टिपली आणि त्यांतून आकाशगंगेच्या निरनिराळ्या भागांतल्या ताऱ्यांची वये काढण्याचा मोठा उद्योग सुरू झाला. यातून अप्रतिम गोष्टी कळल्या. २०११ मध्ये दाखवले गेले, की कंपनांच्या अंतरांवरून ताऱ्याच्या गाभ्यात हेलियम पेटला आहे की अजून नुसते कवचच जळते आहे, हे वेगळे ओळखता येते. बाहेरून हुबेहूब दिसणारे दोन तारे प्रथमच वेगळे झाले. गाभा पृष्ठभागाच्या निदान दहापट वेगाने फिरतो, हेही लगेच पुढच्या काळात कळले.

पण सूर्यावर बसवलेली सूत्रे सूर्याच्या दहापट मोठ्या, थंड, विरळ ताऱ्याला कितपत लागू पडतात? याची परीक्षा एकट्या ताऱ्यावर घेता येत नाही. ग्रहणे होणाऱ्या जोडीतच ती घेता येते. २०१६ मध्ये पॅट्रिक गोल्म आणि सहकाऱ्यांनी अशा दहा जोड्यांची मोजणी जाहीर केली, आणि निकाल सगळ्यांना जागे करणारा होता. कंपनांची सरळ सूत्रे त्रिज्या सुमारे ५ टक्के आणि वस्तुमान सुमारे १५ टक्के जास्त सांगत होती. ताऱ्याचे आयुर्मान वस्तुमानाच्या साधारण तिसऱ्या घाताच्या प्रमाणात घटते, त्यामुळे वस्तुमानातली पंधरा टक्क्यांची चूक वयात चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांची होते. आकाशगंगेच्या इतिहासाचे आराखडे अशा वयांवर उभे राहत होते! तेव्हापासून सूत्रांत दुरुस्त्या झाल्या, तापमान आणि धातूंच्या प्रमाणानुसार त्या बसवल्या गेल्या, आणि तफावत बरीच कमी झाली. पूर्ण मिटली असे म्हणणे धाडसाचे ठरेल, कारण इतक्या बारकाईने तोललेल्या जोड्या अजून मोजक्याच आहेत. हजारो ताऱ्यांच्या वयांची जबाबदारी मूठभर जोड्यांवर असावी, ही स्थिती मला अस्वस्थ करते.

याच अभ्यासात एक आडवळणाची गोष्ट दिसली. जोडीदार फार जवळ असेल तर राक्षसी तारा थरथरतच नाही, किंवा थरथर दबलेली असते. भरतीच्या ओढीने तारा स्वतःभोवती जोरात फिरायला लागतो, त्यातून चुंबकीय क्षेत्र वाढते आणि पृष्ठभाग डागांनी भरतो. अशा डागाळलेल्या जोड्यांतली एक त्रिकोण तारकासमूहात आहे, एक्सएक्स ट्रायअँग्युली. आठव्या प्रतीच्या आसपासची. तिच्यातला नारिंगी तारा स्वतःभोवती २४ दिवसांत फिरतो, आणि तेवढ्याच काळात जोडीची फेरी होते. तारा फिरताना डाग एका कडेने वर येतो आणि दुसऱ्या कडेने मावळतो. तेवढ्या काळात प्रत्येक वर्णरेषेत एक बारीक उंचवटा निळ्या बाजूकडून तांबड्या बाजूकडे सरकत जातो. त्या उंचवट्यांवरून नकाशा काढता येतो. क्लाउस स्ट्रासमायर यांनी १९९९ मध्ये असा नकाशा प्रसिद्ध केला, तेव्हा त्यावर १२ बाय २० सौर त्रिज्यांचा डाग होता. सूर्याची आख्खी चकती त्यात साठ वेळा मावेल. सूर्यावरच्या सर्वांत मोठ्या डागसमूहाच्या दहा हजारपट हे क्षेत्र. पुढे टेनेरिफ बेटावरच्या स्वयंचलित स्टेला दुर्बिणीने सोळा वर्षे या ताऱ्याचा पाठलाग केला. २०२४ मध्ये निष्कर्ष आला, की डाग उगवतात, विरतात, एकमेकांत मिसळतात, पण सूर्यासारखे अकरा वर्षांचे ठाशीव चक्र तिथे नाही. डागांमुळे ताऱ्याचे प्रकाशकेंद्र जागचे हलते, हेही या नकाशांतून मोजले गेले. अशा ताऱ्याभोवती ग्रह शोधणाऱ्यांची त्यामुळे फसगत होऊ शकते.

ग्रहणांचा आणखी एक उपयोग सारथी तारकासमूहातल्या झीटा ऑरिगी या जोडीने शिकवला. ९७२ दिवसांतून एकदा तिच्यातला तप्त निळा तारा नारिंगी महाराक्षसी ताऱ्याच्या आड जातो. आड जाण्याच्या आधी आणि बाहेर येताना त्याचा प्रकाश नारिंगी ताऱ्याच्या विरळ वातावरणातून गाळून येतो, आणि रोज थोड्या वेगळ्या उंचीवरच्या वायूचा छाप वर्णपटात उमटतो. कॅल्शियमच्या ज्या रेषा तिथे ठळक होतात, त्यांचेच दुसरे रूप १९५७ मध्ये ओलिन विल्सन आणि आपले वेणू बाप्पू यांनी मांडले. नारिंगी-पिवळ्या ताऱ्यांच्या कॅल्शियमच्या के रेषेत मधोमध एक उजळ पट्टी असते. ती जितकी रुंद तितका तारा मुळात तेजस्वी. विल्सन–बाप्पू परिणाम या नावाने तो जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. पराशय मोजणारे उपग्रह येण्याच्या कितीतरी आधी नारिंगी ताऱ्यांची अंतरे काढायचे साधन एका भारतीयाच्या नावाने रूढ झाले, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

अंतरांच्या बाबतीत मात्र सर्वांत मोठी बाजी मारली ती मोठ्या मॅगेलनी मेघातल्या जोड्यांनी. महाराष्ट्रातून हा मेघ दक्षिण क्षितिजाला जवळपास चिकटून राहतो, त्यामुळे आपल्याला त्याची ओळख कमी. पण ही आपल्या शेजारची छोटी आकाशगंगा म्हणजे विश्वातल्या अंतरांच्या मोजपट्टीची पहिली खूण आहे. ठरावीक काळाने उजळणाऱ्या-मंदावणाऱ्या सेफीड ताऱ्यांवरून दूरच्या आकाशगंगांची अंतरे काढायची, तर आधी मेघातल्या सेफीडांचे खरे तेज माहीत हवे, म्हणजे मेघ किती दूर आहे ते माहीत हवे. १९९० च्या दशकात यावरून खगोलशास्त्रज्ञांत दोन तट होते, एक आखूड अंतराचा आणि एक लांब अंतराचा. हबल दुर्बिणीच्या प्रमुख प्रकल्पाने २००१ मध्ये प्रसरणाचा दर जाहीर केला, तेव्हा त्यातल्या अनिश्चिततेचा मोठा वाटा मेघाच्या अंतराचाच होता.

पोलंडचे ग्झेगोश पिएत्झिन्स्की आणि त्यांच्या गटाने तोडगा काढला तो नारिंगी जोड्यांतून. चिलीतल्या लास कंपानास इथल्या १.३ मीटरच्या वॉर्सा दुर्बिणीतून ओगल प्रकल्पाने मेघातल्या कोट्यवधी ताऱ्यांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली होती. त्या ढिगातून अशा मोजक्या जोड्या निघाल्या, ज्यांत दोन्ही तारे पिवळे-नारिंगी राक्षसी आहेत, एकमेकांपासून सुटे आहेत आणि एकमेकांना ग्रहण लावतात. राक्षसी तारे सुटे राहायचे तर कक्षा मोठी हवी, आणि मोठ्या कक्षेत ग्रहण क्वचित पडते. आवर्तनकाळ दोन महिन्यांपासून दोन वर्षांहून अधिक काळापर्यंतचे. सोळाव्या-सतराव्या प्रतीचे हे ठिपके. मोठ्या दुर्बिणींनी त्यांचे वर्णपट घेऊन वर सांगितलेल्या रीतीने प्रत्येक ताऱ्याची त्रिज्या किलोमीटरमध्ये मिळवली. आता कोनीय व्यास मिळाला की साध्या भूमितीने अंतर निघते. तो मिळतो रंगावरून: ताऱ्याच्या रंगाचा आणि पृष्ठभागाच्या दर चौरस तुकड्याच्या उजळपणाचा ठरलेला संबंध असतो. तप्त निळ्या ताऱ्यांसाठी हा संबंध नीट मोजलेला नव्हता, म्हणून आधीचे प्रयत्न अडले. नारिंगी राक्षसी तारे आपल्या शेजारी भरपूर आहेत, आणि पारानाल इथल्या व्यतिकरणमापकाने अशा ४८ ताऱ्यांचे कोनीय व्यास थेट मोजून तो संबंध एक टक्क्याच्या आत आणला.

२०१३ मध्ये आठ जोड्यांवरून अंतर दोन टक्क्यांच्या अचूकतेने मिळाले. २०१९ मध्ये वीस जोड्यांवरून ४९.५९ किलोपार्सेक, म्हणजे सुमारे १ लाख ६२ हजार प्रकाशवर्षे, चूक एक टक्का. दुसऱ्या आकाशगंगेचे अंतर, आणि त्यात मधली एकही पायरी नाही. या आकड्याचा आधार घेऊन ॲडम रीस यांच्या गटाने प्रसरणाचा दर पुन्हा काढला. २०२२ मधला त्यांचा आकडा दर मेगापार्सेकला सेकंदाला ७३.०४ किलोमीटर असा आहे, चूक १.०४. प्लांक उपग्रहाने विश्वाच्या आदिप्रकाशावरून काढलेला आकडा ६७.४ चा. हे दोन जुळत नाहीत. वाद कुणाच्या बाजूने सुटेल ते सांगता येत नाही, पण मेघाचे अंतर चुकले असेल म्हणून हा फरक दिसतो, ही पळवाट त्या वीस जोड्यांनी बंद केली आहे. एवढे काम इतक्या फिकट ताऱ्यांनी क्वचितच केले असेल.

जोडीदार मेल्यावरही मागे खुणा ठेवून जातो. १९५१ मध्ये बिडेलमन आणि कीनन यांनी असे काही नारिंगी-पिवळे राक्षसी तारे वेगळे काढले, ज्यांच्या वर्णपटात बेरियमची ४५५४ अँगस्ट्रॉमची रेषा नको इतकी ठळक होती. बेरियम तयार होते ते ताऱ्याच्या अगदी शेवटच्या फुगलेल्या अवस्थेत, न्यूट्रॉन सावकाश शोषले जाऊन. हे तारे तिथवर पोचलेलेच नव्हते. शिवाय त्याच प्रक्रियेत बनणारे टेक्नेशियम त्यांच्यात नव्हते. ते काही लाख वर्षांत नष्ट होते, म्हणजे बेरियम आत्ताचे नाही, जुने आहे. कोडे १९८० मध्ये सुटले. मॅक्क्लूअर आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे वेग मोजून दाखवले, की हे तारे जोडीतले आहेत. कधीकाळी जोडीदार म्हातारा झाला, त्याने बेरियमयुक्त वायू याच्यावर उधळला, आणि मग तो आकसून श्वेत लघुतारा झाला. मकर राशीतल्या झीटा कॅप्रिकॉर्नी या ताऱ्याजवळ अतिनील प्रकाशात तो लघुतारा सापडलाही. वस्तुमानाची उलट दिशेची देवघेव ययातीतल्या अल्गॉलमध्ये दिसते. तिथे फुगलेला नारिंगी तारा हलका आहे आणि न फुगलेला निळसर तारा त्याच्या चौपट जड, कारण आधी जड असलेल्याने आपला बराच माल दुसऱ्याला देऊन टाकला. जॉन गुडरिक यांनी १७८३ मध्ये ज्याच्या मंदावण्याचा आवर्तनकाळ मोजला, त्याच ताऱ्याने जोड्यांत आयुष्याची फिरवाफिरव होते हे पुढे शिकवले.

आणि जोडीदार दिसतच नसेल तर? हंस तारकासमूहातल्या व्ही४०४ सिग्नी या जोडीत एक नारिंगी तारा साडेसहा दिवसांत कशाभोवती तरी फिरतो. १९९२ मध्ये कासारेस, चार्ल्स आणि नेलर यांनी त्याचा वेग मोजून दाखवले, की त्या न दिसणाऱ्या वस्तूचे वस्तुमान सूर्याच्या किमान सहा पट आहे. न्यूट्रॉन ताऱ्याची मर्यादा तीन पटींच्या आसपास. कृष्णविवराचा इतका निर्विवाद पुरावा त्याआधी नव्हता. गरुड तारकासमूहातली जीआरएस १९१५+१०५ ही तर धुळीने इतकी झाकलेली, की तिच्यातला नारिंगी राक्षसी तारा फक्त अवरक्त प्रकाशात दिसतो. सुमारे ३४ दिवसांच्या त्याच्या फेरीवरून कृष्णविवराचे वस्तुमान सूर्याच्या दहा-बारा पटींच्या घरात निघाले. तिच्या क्ष-किरणांची लहरी धडधड टिपण्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा वाटा मोठा आहे. १९९६ मध्ये आयआरएस-पी३ उपग्रहावर आणि २०१५ पासून ॲस्ट्रोसॅटवर त्यांच्या उपकरणांनी या जोडीचा सतत मागोवा घेतला.

या दोन्ही जोड्यांतली कृष्णविवरे जोडीदाराचा वायू गिळतात आणि म्हणून क्ष-किरणांत चमकतात. न गिळणारी शोधायची तर नारिंगी ताऱ्याच्या डुलण्यावरच भिस्त. गायाच्या मोजणीतून २०२३ मध्ये नरतुरंगातली गाया बीएच२ सापडली: साधारण सूर्याएवढ्या वस्तुमानाचा राक्षसी तारा, सुमारे नऊ पट वस्तुमानाचे काळोखे कृष्णविवर, आणि १,२७७ दिवसांची फेरी. पण या वाटेवर घसरायला होते. शृंगाश्वातल्या व्ही७२३ मोनोसेरॉटिस या जोडीत तीन सौर वस्तुमानाचे, आपल्याला सर्वांत जवळचे कृष्णविवर असल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले. वर्षभरात करीम एल-बद्री आणि सहकाऱ्यांनी वर्णपट पुन्हा उकलून दाखवले, की तिथे दुसरा तारा आहे, फक्त त्याच्या रेषा भरधाव फिरण्याने फिसकटल्या आहेत. आणि राक्षसी तारा धरला होता तितका जड नाही, आवरण गमावून सूर्याच्या अर्ध्याहून हलका झालेला आहे. राक्षसी ताऱ्याचे वस्तुमान रंगावरून गृहीत धरले की असे होते. मूळ गटाने हे पटवून घेतले आणि पुढच्या अभ्यासात भागही घेतला, ही गोष्ट मला शोधाइतकीच मोलाची वाटते.

सर्वांत कमी कळलेला भाग म्हणजे जोडीचा शेवट. राक्षसी तारा फुगता फुगता जोडीदाराला आपल्या आवरणात ओढून घेतो तेव्हा नेमके काय होते, आवरण फेकले जाते की दोघे एक होतात, हे गणिताने अजून खात्रीने सांगता येत नाही. प्रत्यक्ष पाहायला मिळाले ते एकदा. सप्टेंबर २००८ मध्ये वृश्चिक राशीत एक तारा अचानक उजळला, व्ही१३०९ स्कॉर्पी. सुदैवाने ती जागा ओगलच्या नोंदींत सहा वर्षे आधीपासून होती. रोमुआल्ड टायलेंडा यांनी त्या उघडल्या, तेव्हा तिथे १.४ दिवसांत फिरणारी, एकमेकांना चिकटलेल्या ताऱ्यांची नारिंगी जोडी होती. फेरी दर वर्षी थोडी लहान होत होती, आणि लहान होण्याचा वेगही वाढत होता. एका फेरीत प्रकाशाचे दोन उंचवटे असत, त्यांतला एक हळूहळू बुजला. मग जोडीच उरली नाही.

गायाने जानेवारी २०२५ मध्ये निरीक्षणे थांबवली. तिच्या २०२२ च्या यादीतच आठ लाखांहून अधिक जोड्यांच्या हालचालींची उकल होती, आणि पुढच्या यादीत मूळ नोंदी एकेक करून खुल्या होणार आहेत. नावे पुरवायचे काम झाले. आता प्रत्येक नारिंगी जोडीचे वर्णपट हवेत, तेही एकदा नव्हे, पूर्ण फेरीभर. गाया बीएच२ ची एक फेरी म्हणजे साडेतीन वर्षे, एका पीएच.डी.चा बहुतेक काळ. मोठ्या दुर्बिणींवर वेळ सहा-सहा महिन्यांच्या हिशोबाने वाटला जातो, तिथे असे काम मागे पडते. दोन मीटरच्या दुर्बिणींना मात्र अकराव्या-बाराव्या प्रतीचे तारे सहज पेलतात. लडाखमध्ये हान्ले इथल्या हिमालयन चंद्रा दुर्बिणीवर उच्च विभेदनाचा वर्णपटमापक आहे. जुन्नरजवळ गिरवलीला आयुकाची दोन मीटर दुर्बीण आहे, ती ग्रहणांची प्रकाशनोंद घेऊ शकते. महिन्यातून काही तास अशा पंधरा-वीस जोड्यांसाठी दहा वर्षे न चुकता राखून ठेवले, तर काटेकोर तोललेल्या नारिंगी ताऱ्यांच्या तुटपुंज्या यादीत भारतातून मोजलेल्या नव्या जोड्यांची भर पडेल.